एका कोअरवर किती बाजार? एएमडीची २०१२ ते २०१७ मधील निवड

२०१५ साल संपले तेव्हा अ‍ॅडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस, म्हणजेच एएमडी, या प्रोसेसर व ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीकडे रोख आणि रोखीसारखी शिल्लक सुमारे ७८.५ कोटी डॉलर होती आणि डोक्यावर सव्वादोन अब्ज डॉलरच्या आसपास कर्ज होते. वर्षभराची विक्री ३.९९ अब्ज डॉलर, तर तोटा ६६ कोटी डॉलर होता. संशोधन व विकासावर तिने त्या वर्षी साधारण ९५ कोटी डॉलर खर्च केले. प्रोसेसरमधला तिचा मोठा प्रतिस्पर्धी असलेल्या इंटेलचा त्याच कामावरचा त्याच वर्षाचा खर्च १२ अब्ज डॉलरहून अधिक होता. म्हणजे इंटेल केवळ संशोधनावर जेवढे खर्च करत होती, तेवढी विक्री करायला एएमडीला तीन वर्षे लागली असती. दुसऱ्या बाजूला एनव्हिडिया होती, आणि प्रामुख्याने ग्राफिक्सवर चालणाऱ्या या कंपनीचे संशोधनाचे अंदाजपत्रकही एएमडीच्या संशोधनाच्या संपूर्ण अंदाजपत्रकापेक्षा मोठे होते.

दोन मोठ्या प्रतिस्पर्ध्यांमध्ये अडकलेल्या अशा कंपनीने कोणत्या बाजारात उतरायचे आणि कोणत्या बाजाराकडे पाठ फिरवायची, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्याचे उत्तर २०१५ मध्ये दिले गेले नाही, ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घेतली पाहिजे. नवा प्रोसेसर कागदावरून दुकानात यायला चार ते पाच वर्षे लागतात. २०१७ मध्ये जे विकायचे होते त्याचा निर्णय २०१२ मध्येच घ्यावा लागला, आणि २०१५ मध्ये व्यवस्थापनाच्या हाती फक्त तो निर्णय टिकवून धरणे आणि त्याच्या आड येणारे बाकीचे सगळे बंद करणे एवढेच उरले होते.

घसरण कशी झाली

एएमडी नेहमीच दुबळी होती असे नाही. २००३ मध्ये आलेल्या तिच्या ऑप्टेरॉन या सर्व्हर प्रोसेसरने एक्स८६ (पीसी आणि सर्व्हरमधली, मूळ इंटेलची आज्ञारचना) प्रोसेसरला ६४-बिटचे रूप दिले आणि ते रूप पुढे खुद्द इंटेललाही स्वीकारावे लागले. २००६ पर्यंत एक्स८६ सर्व्हरच्या बाजारातला साधारण चौथा हिस्सा एएमडीकडे आला होता. त्याच वर्षी कंपनीने ग्राफिक्स क्षेत्रातली एटीआय ही कंपनी सुमारे ५.४ अब्ज डॉलरना विकत घेतली आणि त्या खरेदीच्या कर्जाने पुढची अनेक वर्षे तिची मान धरून ठेवली. २००७ चा बार्सिलोना हा सर्व्हर प्रोसेसर उशिरा आणि दोषासह आला. २००९ मध्ये कारखाने वेगळे काढून अबू धाबीच्या गुंतवणूकदारांसोबत ग्लोबलफाउंड्रीज ही कंपनी उभी करावी लागली.

ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या बुलडोझर या प्रोसेसर-रचनेने शेवटचा घाव घातला. तिच्यात दोन कोअर, म्हणजे प्रोसेसरमधली प्रत्यक्ष काम करणारी एकके, मिळून एकच दशांश-गणिताचा विभाग वापरत होते. पुढील काळातली कामे अनेक धाग्यांत (एकाच वेळी चालणाऱ्या तुकड्यांत) वाटली जातील आणि घड्याळाची गती वाढत जाईल, यावर ती पैज लावलेली होती. प्रत्यक्षात बहुतेक सॉफ्टवेअर एका धाग्यावरच रेंगाळत राहिले, वीज जास्त जळली, आणि इंटेलच्या त्याच वर्षीच्या प्रोसेसरांपुढे बुलडोझर फिका पडला. सर्व्हरमधला एएमडीचा हिस्सा पुढच्या काही वर्षांत जवळपास शून्यावर आला.

याच काळात कंपनीच्या आत 'मोबाइलमध्ये आपण का नाही' हा प्रश्न पेटला होता. जानेवारी २००९ मध्ये रोकड उभी करण्यासाठी कंपनीने मोबाइल ग्राफिक्सचा विभाग क्वालकॉमला साडेसहा कोटी डॉलरना विकला होता. तोच विभाग पुढे अड्रिनो या नावाने कोट्यवधी फोनमध्ये पोहोचला. जानेवारी २०११ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी डर्क मायर यांना पद सोडावे लागले, आणि टॅब्लेट व मोबाइलबाबत त्यांच्याकडे ठोस योजना नसल्याबद्दल संचालक मंडळ नाराज होते, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. त्यांच्या जागी लेनोवोतून रोरी रीड आले. जानेवारी २०१२ मध्ये फ्रीस्केलमधून लिसा सू दाखल झाल्या, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये प्रोसेसर-रचनाकार जिम केलर कंपनीत परतले.

टेबलावरचे पर्याय

फोन आणि टॅब्लेट हा त्या काळातला सर्वांत वेगाने वाढणारा बाजार होता, आणि गुंतवणूकदार त्याच दिशेने बोट दाखवत होते. पण या बाजाराची आतली रचना पाहिली तर चित्र वेगळे दिसत होते. फोनच्या प्रोसेसरसोबत मोडेम द्यावा लागतो आणि तिथे क्वालकॉमची पकड घट्ट होती. अ‍ॅपल आणि सॅमसंग स्वतःचे प्रोसेसर स्वतःच घडवत होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या जुन्या आणि धनवान कंपनीने २०१२ मध्येच फोनच्या प्रोसेसरमधून अंग काढून घेतले.

या बाजारात शिरण्याची किंमत काय असते हे इंटेलने एएमडीच्या वतीने दाखवून दिले, असे म्हणता येईल. टॅब्लेट बनवणाऱ्यांनी आपला प्रोसेसर घ्यावा म्हणून इंटेलने त्यांच्या इतर सुट्या भागांच्या जादा खर्चाची भरपाई करायला सुरुवात केली. २०१४ मध्ये तिने चार कोटी टॅब्लेटमध्ये आपला प्रोसेसर बसवण्याचे लक्ष्य ठेवले आणि ते गाठलेही, पण त्या एका वर्षात तिच्या मोबाइल विभागाला ४.२ अब्ज डॉलरचा तोटा झाला. २०१६ मध्ये इंटेलने फोनसाठीचे नियोजित प्रोसेसर रद्द केले. तो एका वर्षाचा तोटाच एएमडीच्या २०१५ मधील संपूर्ण विक्रीपेक्षा मोठा होता, आणि अशा बाजारात अर्धवट पाऊल टाकणेसुद्धा एएमडीला परवडले नसते.

दुसरा पर्याय लहान सर्व्हरचा होता. खूप हलके प्रोसेसर एकत्र जोडून कमी विजेवर चालणारे सर्व्हर उभे करायचे, ही कल्पना २०१२ च्या सुमारास जोरात होती. एएमडीने त्यासाठी सीमायक्रो ही कंपनी ३३.४ कोटी डॉलरना विकत घेतली. मला हा निर्णय सर्वांत कमकुवत वाटतो. सर्व्हरचे प्रोसेसर विकणारी कंपनी स्वतःच सर्व्हर विकू लागली की ज्या डेल आणि एचपीला माल विकायचा त्यांच्याशीच ती स्पर्धा करते, आणि मुळात ज्या प्रोसेसरच्या जोरावर हे करायचे तो एएमडीकडे नव्हताच.

तिसरा पर्याय आर्म रचनेच्या (फोनमध्ये चालणाऱ्या, एक्स८६ पेक्षा वेगळ्या आज्ञारचनेच्या) सर्व्हरचा होता आणि तो अधिक गंभीर होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये एएमडीने ६४-बिट आर्म सर्व्हर प्रोसेसर जाहीर केला. मे २०१४ मध्ये त्याहून मोठी योजना मांडली. एकाच पिनरचनेत आर्म आणि एक्स८६ दोन्ही बसतील अशी स्कायब्रिज नावाची जोडी, आणि त्यामागोमाग एएमडीने स्वतः रचलेला के१२ हा आर्म कोअर, अशी ती आखणी होती. कागदावर ती आकर्षक होती. पण आर्मचा परवाना पैसे मोजणाऱ्या कुणालाही मिळतो. त्या बाजारात एएमडीपुढे अप्लाइड मायक्रो, कॅव्हियम, पुढे क्वालकॉम असे अनेक जण उभे राहणार होते. एक्स८६ मध्ये मात्र मोठ्या सर्व्हरच्या पातळीवर इंटेल सोडून दुसरे कुणी नव्हते, आणि जुन्या परस्पर परवाना करारांमुळे नव्याने कुणी येण्याची शक्यताही जवळपास नव्हती. शिवाय ग्राहकांकडचे वर्षानुवर्षांचे सॉफ्टवेअर एक्स८६ वरच चालत होते.

चौथा पर्याय गेमिंग कन्सोलचा होता. त्यात नफ्याचे प्रमाण कमी होते आणि एनव्हिडियाच्या एका अधिकाऱ्याने २०१३ मध्ये उघडपणे सांगितले की देऊ केलेल्या किमतीत ते काम करणे आपल्या कंपनीला योग्य वाटले नाही. एएमडीने ते घेतले. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेल्या सोनी प्लेस्टेशन ४ आणि मायक्रोसॉफ्ट एक्सबॉक्स वन या दोन्ही यंत्रांत एएमडीचे आठ जॅग्वार कोअर आणि एएमडीचेच ग्राफिक्स होते. एक्स८६ प्रोसेसर आणि दर्जेदार ग्राफिक्स एकाच चिपवर देऊ शकणारी कंपनी तेव्हा जगात एकच होती: इंटेलकडे तसे ग्राफिक्स नव्हते आणि एनव्हिडियाकडे एक्स८६ चा परवाना नव्हता. ज्या एटीआयच्या खरेदीने कंपनी कर्जात बुडाली, त्याच खरेदीने तिला हे काम मिळवून दिले.

कन्सोलच्या कामाला अनेक विश्लेषकांनी नाके मुरडली होती. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणात त्या निर्णयाचे मोल सर्वांत कमी लेखले गेले आहे. विकासाच्या खर्चात ग्राहक वाटा उचलतो, मागणी अनेक वर्षे ठरलेली असते, आणि विक्रीसाठी जाहिरात करावी लागत नाही. २०१५ मध्ये कन्सोल ज्या विभागात मोडत होते त्या विभागाची विक्री २.१९ अब्ज डॉलर होती आणि तो नफ्यात होता. संगणक व ग्राफिक्स विभागाची विक्री १.८१ अब्ज डॉलर होती आणि त्याचा तोटा ५० कोटी डॉलरच्या घरात होता. नवा प्रोसेसर येईपर्यंत कंपनीला तगवून ठेवणारा बहुतांश पैसा इथून आला.

६ मे २०१५

लिसा सू ऑक्टोबर २०१४ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. एप्रिल २०१५ मध्ये सीमायक्रोचा व्यवसाय बंद करण्यात आला. ६ मे २०१५ रोजी न्यूयॉर्कमध्ये विश्लेषकांपुढे त्यांनी पुढची दिशा मांडली: स्कायब्रिज रद्द, के१२ पुढे ढकललेला, आणि सगळी ताकद झेन नावाच्या एका नव्या एक्स८६ कोअरवर. प्रत्येक घड्याळ-ठोक्यामागे हा कोअर आधीच्या पिढीपेक्षा ४० टक्के अधिक काम करेल, असे आश्वासन त्या दिवशी देण्यात आले. के१२ पुढे कधीच बाजारात आला नाही. आठ कोअरचा आर्म सर्व्हर प्रोसेसर जानेवारी २०१६ मध्ये उशिराने आला आणि त्याची दखल फारशी कुणी घेतली नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला ही केवळ काटछाट वाटली असेल. निवडीमागचा निकष मात्र त्यातून स्पष्ट दिसतो. जिथे प्रोसेसरच्या कामगिरीतला फरक ग्राहकाला मोजता येतो आणि त्यासाठी तो जास्त पैसे द्यायला तयार असतो, आणि जिथे दाराशी स्पर्धकांची गर्दी नाही, असे बाजार ठेवले गेले: मोठे सर्व्हर, दणकट डेस्कटॉप, चांगले लॅपटॉप, गेमिंग ग्राफिक्स. जिथे 'पुरेसे चांगले आणि स्वस्त' एवढ्यावर सौदा होतो, ते बाजार सोडले गेले. स्वस्त टॅब्लेटचे हलके कोअर आणि सर्व्हरचे जड कोअर अशा दोन स्वतंत्र वंशावळी पोसण्याचे बळ कंपनीत नव्हते, म्हणून एकच कोअर सगळीकडे वापरायचा, ही अट त्यात गृहीत होती.

त्याच जुलै महिन्यात कंपनीचा शेअर दोन डॉलरच्या खाली गेला. झेन अजून दीडदोन वर्षे दूर होता आणि तोवर दुकानात ठेवायला बुलडोझरचेच वंशज होते. या पोकळीत मालमत्ता विकून पैसा उभा केला गेला. २०१६ मध्ये मलेशियातील पेनांग आणि चीनमधील सूचौ इथले चिपजुळणी व चाचणीचे कारखाने ८५ टक्के हिस्सा देऊन संयुक्त उपक्रमात नेले आणि त्यातून सुमारे ३७ कोटी डॉलर आले. चीनमधील तिआनजिनच्या एका कंपनीला सर्व्हरचे तंत्रज्ञान २९.३ कोटी डॉलरच्या परवान्यावर देण्याचा करार झाला. या दुसऱ्या सौद्याची किंमत नंतर कळली: जून २०१९ मध्ये अमेरिकी सरकारने त्या भागीदाराला निर्बंधांच्या यादीत टाकले.

एक डाय, तीन बाजार

हा निर्णय प्रत्यक्षात कसा पेलला गेला हे समजण्यासाठी पहिल्या झेन चिपकडे जवळून पाहावे लागेल. २१३ चौरस मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या या तुकड्यावर, म्हणजे डायवर, आठ कोअर, मेमरीचे दोन मार्ग आणि इतर उपकरणांना जोडणाऱ्या पीसीआयच्या ३२ वाटा होत्या. शिवाय शेजारच्या तशाच डायशी बोलण्यासाठी जोडण्या होत्या. डेस्कटॉपमध्ये हा एकच डाय बसे. तिथे ३२ पैकी २४ वाटाच वापरात येत आणि शेजारच्या डायसाठीच्या जोडण्या पडून राहत. म्हणजे डेस्कटॉपच्या प्रत्येक प्रोसेसरवर कंपनी थोडे सिलिकॉन वाया घालवत होती, आणि ते जाणूनबुजून होते.

सर्व्हरमध्ये तसेच चार डाय एका तळावर शेजारीशेजारी बसवले गेले. चार आठे बत्तीस कोअर, मेमरीचे आठ मार्ग, पीसीआयच्या १२८ वाटा. २० जून २०१७ रोजी ऑस्टिनमध्ये सादर झालेला एपिक प्रोसेसर हाच. त्याच ऑगस्टमध्ये व्यावसायिक कामासाठीचा थ्रेडरिपर आला, त्यातही तेच डाय. एका रचनेचा, एका मुखवटा-संचाचा (चिप छापण्याच्या साच्यांचा) आणि एका चाचणीचा खर्च तीन बाजारांत वाटला गेला.

यातले अर्थकारण कंपनीच्या अभियंत्यांनी २०१८ मध्ये स्वतःच मांडले. हेच ३२ कोअर एका अखंड डायवर घेतले असते तर तो साधारण ७७७ चौरस मिलिमीटरचा झाला असता. चार तुकड्यांत एकूण क्षेत्र ८५२ चौरस मिलिमीटर होते, म्हणजे सिलिकॉन सुमारे दहा टक्के जास्त लागले. तरीही उत्पादनखर्च अखंड डायच्या ५९ टक्केच आला. कारण वेफरवर, म्हणजे ज्या सिलिकॉनच्या चकतीतून डाय कापतात तिच्यावर, दोष विखुरलेले असतात. डाय जितका मोठा तितकी त्यात दोष सापडण्याची शक्यता अधिक, आणि एका दोषापायी मोठा तुकडा टाकून द्यावा लागतो. लहान तुकड्यात दोष असला तर नुकसान लहान होते, आणि दोन कोअर बंद करून तोच डाय सहा कोअरचा डेस्कटॉप प्रोसेसर म्हणून विकता येतो. ज्या कंपनीकडे एकच बाजार आहे तिला ही सोय नसते. सर्व्हरमध्ये न चालणारा माल खपवायला डेस्कटॉपचा बाजार हाताशी होता, म्हणून सर्व्हर परवडला.

दोषही होते. एका डायवरच्या कोअरला शेजारच्या डायच्या मेमरीतून माहिती आणायला जास्त वेळ लागे आणि मोठ्या डेटाबेसच्या कामांत ते जाणवे. २०१९ च्या दुसऱ्या पिढीत मधोमध एक स्वतंत्र जोडणी-डाय ठेवून ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली.

बाजारात उतरण्याचा क्रम

झेन प्रत्यक्षात ५२ टक्के अधिक काम करणारा निघाला आणि २ मार्च २०१७ रोजी रायझेन या नावाने डेस्कटॉपमध्ये आला. आठ कोअरचा सर्वांत वरचा प्रोसेसर ४९९ डॉलरना होता. इंटेलच्या आठ कोअरच्या प्रोसेसरला तेव्हा हजार डॉलरहून अधिक मोजावे लागत.

डेस्कटॉप आधी आणणे हा क्रम विचारपूर्वक होता असे मला वाटते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम वेगवेगळे घेऊन संगणक जुळवणारा ग्राहक चाचण्यांचे आकडे वाचतो आणि त्याच दिवशी निर्णय घेतो. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. सर्व्हर घेणारी संस्था मात्र आधी वर्षभर तपासते, मग थोडी यंत्रे घेते, आणि ज्या कंपनीने २०११ नंतर तिला वाऱ्यावर सोडले तिच्यावर दुसऱ्या पिढीपर्यंत पूर्ण भरवसा ठेवत नाही. डेलमधून २०१४ मध्ये आलेले फॉरेस्ट नॉरॉड यांच्याकडे हा विभाग होता, आणि पुढच्या दोन पिढ्यांचा आराखडा ग्राहकांसमोर ठेवून तो वेळेवर पाळणे हीच त्यांची विक्री होती.

दुसरी पिढी ऑगस्ट २०१९ मध्ये ६४ कोअर घेऊन आली, तीही चिप बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटर प्रक्रियेवर (आकडा जितका लहान तितकी प्रक्रिया पुढची). पुण्याच्या सी-डॅकमधील परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या स्थानी आला, तेव्हा तो एनव्हिडियाने घडवलेल्या यंत्रांचा बनला होता आणि त्यांत तिच्या ग्राफिक्ससोबत याच पिढीचे ६४ कोअरचे एपिक प्रोसेसर होते. एनव्हिडियाने आपल्या सर्वांत महागड्या यंत्रासाठी ग्राफिक्समधल्या प्रतिस्पर्ध्याचा प्रोसेसर निवडावा, यातच सर्व्हरच्या निवडीचा निकाल दिसतो. २०१८ मध्ये ६.४८ अब्ज डॉलर असलेली कंपनीची विक्री २०२१ मध्ये १६.४ अब्ज डॉलरवर गेली.

या यशात दैवाचा वाटाही मान्य केला पाहिजे. इंटेलची १० नॅनोमीटर प्रक्रिया काही वर्षे रखडली नसती तर एएमडीला एवढी मोकळीक मिळाली नसती. पण ती मोकळीक वापरता आली ती उत्पादनाच्या निवडीमुळे: ऑगस्ट २०१६ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजला १० कोटी डॉलर आणि तिच्या अबू धाबीच्या मालकांना शेअरखरेदीचे हक्क देऊन एएमडीने दुसऱ्या कारखान्याकडून वेफर घेण्याची मुभा मिळवली होती, आणि दोन वर्षांनी ग्लोबलफाउंड्रीजने ७ नॅनोमीटरचे काम सोडून दिले तेव्हा एएमडीचे काम अडले नाही.

सोडून दिलेल्या गोष्टींचा हिशेब

लॅपटॉप मागे राहिले. झेनचा पहिला डाय ग्राफिक्सशिवाय होता, त्यामुळे लॅपटॉपसाठी वेगळा डाय लागला आणि तो ऑक्टोबर २०१७ च्या अखेरीस आला. महागड्या लॅपटॉपमध्ये एएमडीला खऱ्या अर्थाने स्थान मिळायला २०२० उजाडले. जगातले बहुसंख्य ग्राहक लॅपटॉप घेतात हे पाहता हा उशीर महागात पडला, पण डायची आखणी सर्व्हरला प्राधान्य देऊन करण्याच्या निर्णयाचा तो थेट परिणाम होता आणि तो समजण्यासारखा आहे.

ग्राफिक्सचा हिशेब अधिक जड आहे. २०१६ मध्ये एएमडीने १९९ डॉलरपासूनच्या मधल्या किमतीच्या ग्राफिक्स कार्डांवर भर दिला आणि वरचा थर एनव्हिडियाकडे राहू दिला. ग्राफिक्स चिपवर इतर गणिते चालवण्याचे एनव्हिडियाचे कुडा हे सॉफ्टवेअर २००७ पासून विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत रुजत होते. एएमडीचे आरओसीएम २०१६ मध्ये आले आणि अनेक वर्षे तुटपुंज्या मनुष्यबळावर चालले. २०१५ मधली शिल्लक पाहता त्या वेळी दोन्ही आघाड्या लढवणे शक्य नव्हते, आणि सर्व्हर प्रोसेसरला दिलेले प्राधान्य मला योग्य वाटते. २०१९ नंतर मात्र कर्ज बरेचसे फिटले होते, सर्व्हरची आवक वाढत होती, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची मागणी कुठे चालली आहे हे दिसू लागले होते. टंचाईच्या काळात आखलेली प्राधान्याची यादी त्या टप्प्यावर पुन्हा उघडून सॉफ्टवेअरमध्ये शेकडो अभियंते घालायला हवे होते. ते काम जोमाने सुरू झाले तोवर मोठ्या ग्राहकांचा कोड कुडावर लिहून झाला होता, आणि डिसेंबर २०२३ मध्ये एमआय३००एक्स हा तोडीचा प्रवेगक (कृत्रिम बुद्धिमत्तेची गणिते जलद करणारी चिप) बाजारात आणल्यावरही एएमडीला प्रत्येक ग्राहकाकडे आधी त्या सॉफ्टवेअरबद्दलच बोलावे लागले.